मोजायला ठेवलेली वाळू

मी सरकारी मोजणीदार आहे. बाई मोजायला आलीय म्हटल्यावर लोक अजूनही माझ्या मागे बघतात, की खरा मोजणारा मागून येतोय का. बारा वर्षं झाली, मागून कोणी आलेलं नाही. माझा स्वभाव तापट आहे, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. पण चिखलातून दिवसाला पंधरा-पंधरा शेतं तुडवायची आणि प्रत्येक बांधावर तेच रडगाणं ऐकायचं, त्यावर पुन्हा गोड बोलायचं, हे ज्याला जमतं त्यानं खुशाल माझी जागा घ्यावी. मला सहसा कोणाचं कौतुक वाटत नाही. माणसं मी फार बघितलीत. म्हणूनच घमेलंआजींबद्दल लिहून ठेवते आहे, कारण त्यांच्यापुढे मी अक्षरशः तोंडात बोट घालून उभी राहिले होते.

त्या वर्षी नदी एका रात्रीत दोन्ही काठ सोडून पसरली. पाणी ओसरलं तेव्हा खालच्या सगळ्या शेतांवर वाळू पसरली होती. काही ठिकाणी चार बोटं, काही ठिकाणी गुडघाभर. सरकारनं तातडीची मदत जाहीर केली. वाळू काढायची, फुटलेला काठ दगडानं बांधायचा, आणि खर्चाचे चारातले तीन हिस्से सरकारचे. योजना चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. फक्त तिला दोन अटी होत्या. पुरानं आणून टाकलेला थर सरासरी आठ सेंटीमीटर तरी हवा. आणि तो आमच्या माणसानं जागेवर, जसाच्या तसा मोजायला हवा. मोजणीआधी शेताला हात लावला तर ते शेत बाद. तशी नोटीस चावडीपासून दुकानांपर्यंत सगळीकडे लावली होती.

आता आमच्याकडे मोजणारे तीन, आणि शेतं हजाराच्या वर. लोक हातावर हात धरून बसून राहिले. मी जिथे जाईन तिथे माणसं बांधावर बसलेली, अवजारं बाजूला, डोळे रस्त्याकडे. दुबार पेरणीचे दिवस निघून चालले होते आणि सगळा काठ माझ्या टेपची वाट बघत थांबला होता. त्याची मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी आणखी चिडते.

नदीच्या वळणावरच्या शेताशी मी पोचले ती पुरानंतर बाविसाव्या दिवशी. वळणावरचं म्हणजे सगळ्यात वाईट असणार, असं धरूनच मी गेले होते. काठाला तीस पावलांचं खिंडार पडलेलं लांबूनच दिसत होतं. आजूबाजूला पांढरी वाळू आणि मधोमध हे एक शेत स्वच्छ. झाडून काढल्यासारखं. कडेला वाळूचा घराएवढा ढीग, आणि त्या ढिगाकडे डोक्यावर घमेलं घेऊन चाललेली एक म्हातारी. वय सत्तरीच्या आसपास, अंगानं काटकुळी, मान मात्र अशी ताठ की घमेल्यातलं पाणीसुद्धा हललं नसतं.

त्याच घमेलंआजी. बांधावर त्यांची सून उभी होती. मुलगा लांब कुठेतरी ट्रक चालवायचा, घरी या दोघीच. मला बघताच सुनेनं कपाळाला हात लावला. मी काही विचारायच्या आतच सांगून टाकलं, की ती रोज सांगत होती, आई, हात लावू नका, नोटीस वाचून दाखवली, शेजाऱ्यांनी सांगितलं, पण ऐकेल तर ती सासू कसली. पहिले चार दिवस ती सासूशी बोललीच नाही. पाचव्या दिवशी तीही फावडं घेऊन उतरली. म्हातारी एकटी ओझी वाहतेय आणि आपण बघत बसायचं, हे तिच्याच्यानं होईना.

माझा पारा चढला. तो आजींवर होता की नोटिशीवर, ते तेव्हा मलाही कळलं नसतं. मी शेतात पाऊल न टाकता बांधावरूनच फॉर्म काढला आणि शेरा लिहिला, काम आधीच सुरू, अपात्र. मग सुनेला समजावून सांगितलं, की शेत बाद म्हणजे खिंडारासकट बाद. दगड मिळणार नाही, मशीन मिळणार नाही. सुनेनं नदीकडे बघितलं. तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. वाळू माणसाला काढता येते, पण तीस पावलांचं खिंडार दोन बायकांनी बुजवायचं म्हणजे आयुष्य जाईल. ते उघडं राहिलं आणि मोठा पाऊस आला, तर पुढच्या वेळी नदी वाळू टाकून जाणार नव्हती, शेतच घेऊन जाणार होती. आणि हे शेत गेलं तर त्या दोघींकडे दुसरं काहीच नव्हतं.

आजी घमेलं रिकामं करून आल्या. माझ्या हातातला कागद बघितला. वाचता येत नव्हतं, पण तोंडावरून कळलं असावं.

"लिहिलंस ते लिहिलंस," त्या म्हणाल्या. "पण न मोजता कशी चाललीस?"

मी म्हटलं, मोजायला ठेवलंय काय तुम्ही?

त्यांनी मला हातानं ये अशी खूण केली. शेतात मला अधूनमधून काहीतरी झाकून ठेवलेलं दिसत होतं, मी रोपं वगैरे असतील असं समजले होते. सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा, त्याच्या कडांवर दगड. आजींनी वाकून एक पिशवी उचलली. खाली वाळूचा उंचवटा होता, घमेल्याएवढा रुंद, वरून सपाट, कडा फावड्यानं नीट कापलेल्या. त्याच्या चारी बाजूंची वाळू काढलेली, हा एवढा तुकडा पुरानं टाकला तसाच उभा. असे नऊ होते. तीन ओळी, ओळीत तीन, प्रत्येकात बारा पावलांचं अंतर.

मी तिथेच बसले. खरंच बसले.

मग जे कळलं ते थोडं आजींकडून आणि बरंचसं सुनेकडून. आजी आठव्या वर्षापासून मातीकामावर. कालवे, तलाव, रस्ते, जिथे खोदकाम निघेल तिथे आईबापांबरोबर. त्या कामात मजुरी खोदलेल्या खड्ड्यावर मिळायची, आणि खड्डा किती खोल ते कळायला मधे न खोदलेल्या मातीचे खांब ठेवायचे. मोजणारा आठवड्यानं यायचा, खांब मोजायचा, त्यावरून काम धरायचा. खांब नसेल तर काम झालंच नाही. एकदा आजींच्या आईचे खांब पावसात विरघळले आणि सबंध टोळीचा आठवडा फुकट गेला. तेव्हापासून खांबांवर झाकण घालायचं काम या मुलीकडे आलं, आणि पन्नास वर्षं ते तिच्याकडेच राहिलं. दोन धरणांच्या पायाभरणीला त्यांनी घमेली वाहिली होती. नवरा अशाच एका कामावर दरड कोसळून गेला. त्यानंतर बारा वर्षं एकटीनं वाहिलेल्या मातीतून हे शेत उभं राहिलं. त्यामुळे माती काढायची आणि मोजायला खांब ठेवायचा नाही, हे त्यांना सुचणंच शक्य नव्हतं. नोटीस त्यांनी ऐकली होती. त्यांच्या मते त्यांनी ती पाळलीही होती. सरकारला मोजायचंय ना, मग ठेवलंय की मोजायला. सरकार येईपर्यंत उरलेली वाळू शेतात कशाला ठेवायची?

मी मनातल्या मनात हिशेब केला. निदान पाच हजार घमेली. बावीस दिवस, रोज सव्वादोनशे, आणि त्यातली बहुतेक या सत्तर वर्षांच्या मानेवरून. मी बारा वर्षं मोजते आहे, पण मला काही मोजून असं कधी झालं नव्हतं.

फॉर्मवरचा शेरा शाईनं लिहिलेला होता. मी तो फाडला. सरकारी फॉर्म फाडणं हा गुन्हा असेल तर असो. दोन दिवसांनी साहेबांना प्रत्यक्ष घेऊन येते, असं सांगून मी निघाले.

साहेब म्हणजे आमचे तांत्रिक अधिकारी. वाईट माणूस नाही, पण नियमाच्या बाहेर नखही टाकत नाहीत. ऐकून ते म्हणाले की वाळूचे ढीग कोणीही करून ठेवील, एकाला मानले तर उद्या सगळा काठ करून ठेवील. आणि दुसरं म्हणजे, असे खांब ठेवणारे ते नेहमी मुळातल्या उंच जागेवर ठेवतात, म्हणजे खोली जास्त भरते. त्यांनी कालव्याच्या कामावर हे डोळ्यांनी बघितलं होतं. पण माझा चेहरा बघून म्हणा किंवा कटकट टळावी म्हणून म्हणा, ते यायला तयार झाले.

मी तासभर आधी पोचले. साहेबांनी काही बोलायच्या आत आपली मोजणी पक्की असावी, म्हणून एकेक पिशवी उचलून टेप लावला. अकरा सेंटीमीटर, नऊ, आठ, दहा, सात, नऊ, सहा, चार. नवव्यापाशी पोचले आणि बघतच राहिले. तिथे उंचवटा असा नव्हताच. दोन सेंटीमीटर, वाळूची एक भाकरी म्हणा. तरीही त्यावर पिशवी, त्यावर दगड, सगळं इतर आठांसारखंच.

बेरीज केली. सरासरी सव्वासातच्या जरा वर. आठ हवे होते.

मग मी ती पुन्हा केली, नववा सोडून. चौसष्ट भागिले आठ. बरोब्बर आठ.

सून घरात पाणी आणायला गेली होती. साहेबांची गाडी अजून दिसत नव्हती. दोन सेंटीमीटर वाळू, एक पाय फिरवला की झालं, आणि उंचवटे आठच होते असं म्हटलं असतं तर कोणाला कळणारही नव्हतं. मी बारा वर्षांत एक आकडा इकडचा तिकडे केलेला नाही. त्या दिवशी मी पाय उचलला होता, हे मला इथे लिहायलाच हवं.

"काय झालं गं?" मागून आजी म्हणाल्या.

मी पाय खाली ठेवला. मग रागावूनच विचारलं, कारण चोरी पकडली गेली की मला रागच येतो. बाकीच्या ठिकाणी एवढी वाळू असताना हा एक उंचवटा इथे कशाला ठेवलात? चार पावलं पलीकडे ठेवला असता तर चार बोटं थर मिळाला असता. आजींना माझा प्रश्न बहुधा समजलाच नाही. त्यांनी वाळूकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बारावं पाऊल इथंच पडलं," त्या म्हणाल्या. "आणि इथं तेवढीच होती."

मी सरासरीचं त्यांना सांगितलं. आठ म्हणजे काय, सव्वासात म्हणजे काय, आणि हा एक नसता तर काय झालं असतं, सगळं. लपवायचं कशाला, शेत त्यांचं होतं आणि निवडही त्यांचीच होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. नदीच्या बाजूला, खिंडाराकडे एकदा बघितलं. मग वाकून त्या दोन सेंटीमीटर वाळूवर पिशवी परत घातली आणि तिच्या कडा दगडांनी दाबल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तोच साहेबांची गाडी वळणावर दिसली.

साहेबांनी नऊही मोजले. त्यांनी बेरीज केली. नवव्यापाशी ते मुद्दाम परत गेले, वाकून बघितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की उंच जागेवर ठेवतात असं ते म्हणाले होते, ते मागे घेतात. पण आकडा आकडा होता. आता पुरानंच टाकलेली वाळू आहे ना, तेवढी तरी खात्री करून कागदावर लिहू, म्हणजे पुढे अपील करता येईल, असं म्हणून त्यांनी एक उंचवटा उभा कापायला सांगितला.

सून पुढे झाली, पण आजींनी तिच्या हातातून विळा घेतला. गुडघ्यावर बसून त्यांनी मधला उंचवटा वरपासून खालपर्यंत हळूहळू कापला आणि अर्धा भाग अलगद बाजूला केला.

ते मी कधी विसरणार नाही. वर वाळू होती, थरावर थर, केसांएवढ्या रेघा. तिच्या तळाशी मक्याची पानं होती. गुडघ्याएवढा मका होता पुराच्या वेळी, तो सगळा एका दिशेला झोपलेला, खिंडाराच्या विरुद्ध बाजूला, पाणी ज्या दिशेनं धावलं त्याच दिशेला. कोणी खोटं करायचं म्हटलं तरी करता आलं नसतं. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. आम्ही चौघंही त्या विटेएवढ्या कापाकडे बघत होतो आणि त्यात ती सबंध रात्र दिसत होती, मिनिटामिनिटाची.

मग साहेब आणखी खाली वाकले. पानांच्या खाली काळी माती नव्हती. पानांच्या खाली राखाडी, लोण्यासारखा मऊ थर होता, आणि काळी माती त्याच्याही खाली. त्यांनी आजींना विचारलं, हे काय आहे?

गाळ, आजी म्हणाल्या. काठ फुटायच्या आधी पाणी हळूहळू चढत होतं, तेव्हा बसलेला. मग काठ फुटला आणि वाळू आली. त्यांनी फक्त पानं दिसेपर्यंत वाळू आणि मग ती पानं काढली होती. सगळ्या शेतभर गाळ तसाच ठेवला होता.

"का नाही काढला?" साहेबांनी विचारलं.

"तो कशाला काढू? तो चांगला आहे."

साहेबांनी टेप लावला. एक सेंटीमीटर आणि वर थोडा. म्हणजे आम्ही सगळ्यांनी टेप चुकीच्या जागेवरून लावला होता. पुराआधीची जमीन आमच्या पायाखाली सेंटीमीटरभर आणखी खाली होती. साहेबांनी बाकीच्या आठांच्या कडेला स्वतः विळ्याचं टोक घालून बघितलं. सगळीकडे तेवढाच गाळ, त्या दोन सेंटीमीटरवाल्या खालीसुद्धा. त्यांनी नियमाचा कागद खिशातून काढला आणि मोठ्यानं वाचला. वाळू असा शब्द त्यात कुठे नव्हताच. पुराने आणून टाकलेला थर, जागेवर, जसाच्या तसा, एवढंच होतं, आणि नऊ ठिकाणी तो तसाच होता. सरासरी आठच्या वर गेली होती.

माझा जीव भांड्यात पडला. सुनेनं तोंडावर हात दाबून धरला. आणि आजी, ज्यांचं शेत वाचत होतं, त्या साहेबांशी वाद घालायला लागल्या. गाळाचं नुकसान कसं धरता? गाळ फुकट मिळालाय, त्यानं पीक दुप्पट येईल, हे लिहिलंत तर उद्या मीच खोटी ठरेन. साहेबांनी, जे आमच्याशी दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत, आजींना पंधरा मिनिटं समजावलं. इथे बरं-वाईट लिहायचं नाही, फक्त नदीनं किती आणून टाकलं ते लिहायचं आहे, आणि ते खरं आहे. शेवटी आजी म्हणाल्या की खरं असेल तर लिहा, पण गाळ चांगला होता हेही शेजारी लिहा. साहेबांनी ते लिहिलं. तो फॉर्म आमच्या ऑफिसात आहे, कोणीही बघावा. शेरा: पात्र. खाली: गाळ उत्तम प्रतीचा.

मशीन आणि दगड आठवडाभरात येतील, असं साहेबांनी सांगितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले की उद्यापासून काठावरच्या प्रत्येकाला सांगा, बारा पावलांवर असा एक उंचवटा ठेवा आणि बाकीची वाळू काढायला लागा, वरचं मी बघतो. नियमाबाहेर नख न टाकणारा माणूस हे बोलत होता.

आम्ही निघणार, तोच आजींनी साहेबांपुढे फावडं धरलं. मोजणाऱ्यानं मोजून झालं की खांब स्वतः मोडायचा, हा त्यांच्या कामावरचा रिवाज होता. उभा राहिला तर तोच खांब कोणी उद्या परत मोजायला लावील, दोनदा मजुरी घेईल. साहेब म्हणाले, आजी, राहू द्या, आमचा विश्वास आहे. आजी तशाच उभ्या राहिल्या, फावडं पुढे करून.

साहेबांनी बूट काढून ठेवले आणि एकापाठोपाठ एक आठ उंचवटे मोडले. सुनेनं ती वाळू घमेल्यात भरली.

नवव्यापाशी आजींनी मला बोलावलं. फावडं घ्यायला मी हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली.

"याला फावडं कशाला," त्या म्हणाल्या. "हातानं काढ."

मी गुडघ्यावर बसले, पिशवी बाजूला केली, आणि दोन सेंटीमीटर वाळू दोन्ही हातांनी गोळा करून त्यांच्या घमेल्यात टाकली.